शहात्तर नंबरचं बारसं

उतेकर सरांना कसलाच वास येत नसे. रसायनांच्या कामात तीस वर्षं काढलेल्या माणसाचं नाक कधी कधी असं जातं. नेमकं कधी गेलं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. "बायको चुलीवर सुकट भाजत होती आणि मी तिच्या बाजूला बसून विचारलं, आज कालवण कसलं? तेव्हा कळलं," एवढंच ते सांगत, आणि तेही हसत हसत.

त्यामुळे लॅबमधल्या प्रत्येकाचं नाक त्यांनी कामाला लावलं होतं. माझं तर पहिल्याच दिवशी. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्याच्या मागच्या अंगाला आमची छोटी संशोधन लॅब आहे. एम.एस्सी. झाल्यावर मी तिथे लागले. दारातून आत पाऊल टाकलं तर पांढऱ्या कोटातला एक बुटका माणूस समोर उभा. मनगटं शेतकऱ्याची. नाव नाही, गाव नाही, थेट प्रश्न.

"आत आलीस तेव्हा वास कसला आला?"

"केमिकल्सचा," मी म्हटलं.

"केमिकल म्हंजे? घरी आईला सांगतेस काय, जेवणाचा वास येतोय म्हणून? फोडणीचा येतो, करपल्याचा येतो, उतू गेलेल्या दुधाचा येतो. जा, बाहेर जाऊन परत आत ये."

मी खरंच बाहेर गेले आणि परत आत आले. "नेलपॉलिश काढायला वापरतात, तसा. आणि थोडा व्हिनेगरसारखा."

"कुठून?"

"डावीकडून."

ते डावीकडे गेले, फडताळातली एक एक बाटली बघत एकीचं सैल झाकण घट्ट केलं आणि मग म्हणाले, "मी उतेकर. बस."

मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी घरात बोलते, पण चारचौघांत बोलायचं तर आधी मनात वाक्य तयार करते. ते तयार होईपर्यंत लोकांचा विषय बदललेला असतो. उतेकर सर मात्र थांबायचे. प्रश्न विचारून झाला की समोरच्या स्टुलावर बसायचे, हातात एखादी रिकामी परीक्षानळी फिरवत, आणि उत्तर येईपर्यंत उठायचे नाहीत. त्यात उपकाराचा भाव नसे. लाकडाच्या चुलीवर पाणी तापायला वेळ लागतोच, तसं काहीतरी.

माझ्या वहीवर त्यांचा राग होता. मी इंग्रजीत लिहायची आणि कॉलेजात शिकवलेल्या पद्धतीने लिहायची: द्रावण ढवळले गेले, रंग बदलल्याचे आढळून आले. सर ते वाचून साळवींना हाक मारायचे. साळवी म्हणजे आमच्या लॅबमधले दुसरे केमिस्ट, महाडचेच, पस्तिशीचे, जिभेला हाड नसलेले. "साळवी, हिच्या टेबलावर भूत हाय काय बघ रे. रंग बदलल्याचं त्याला आढळलंय. हिला काय आढळलंय ते काय लिवलेलं नाय."

"सर, भूत महाड केंद्रावरून एम.एस्सी. झालंय," साळवी म्हणायचे.

सर पोलादपूर तालुक्यातल्या कापड्याचे. तरुणपणी एका कारखान्यात रिअ‍ॅक्टरवर पाळ्या करत त्यांनी बी.एस्सी. केलं, मग एम.एस्सी. केलं. शुद्ध मराठी त्यांना उत्तम यायची, मुंबईच्या साहेबांशी फोनवर ती बोलायचेही. फोन ठेवला की पुन्हा 'नाय' आणि 'हाय'. त्यांच्या टेबलाच्या खणात दोन चष्मे, एक विळा आणि बियाण्याच्या भाताची पुडी असे. विळा कशाला, हे मी कधी विचारलं नाही.

आमचं काम विस्मरणाच्या आजारावरचं होतं, अल्झायमरवरचं. मेंदूत एका पेशीकडून दुसरीकडे निरोप पोचवणारं एक द्रव्य असतं. निरोप पोचला की एक एन्झाइम ते द्रव्य तोडून टाकतं. या आजारात ते द्रव्य मुळातच कमी पडतं, आणि एन्झाइम आहे तेवढंही राहू देत नाही. त्या एन्झाइमला अडवणारी संयुगं आम्ही बनवायचो. महाडच्या कॉलेजची मुलं लॅब बघायला आली की सर त्यांना हे दोन वाक्यांत सांगत. "पाऊस पाडायला आपल्याला येत नाय. बांधाला खेकड्यानं बीळ पाडलेलं असतं, तेवढं आपण बुजवतो, म्हंजे खाचरात हाय ते पाणी चार दिवस जास्त टिकतं." शेतकऱ्यांच्या पोरांना पुढचं काही सांगावं लागत नसे.

अशी औषधं बाजारात आहेत. पण ती घेतली की अनेकांचं पोट बिघडतं, मळमळतं, अन्न नकोसं होतं. सरांना हवं होतं ते थोडं सौम्य, जास्त वेळ टिकणारं.

संयुगांना आमच्याकडे नुसते नंबर. नाव द्यायचं तर सरांचा एक नियम होता. तीन वेगळ्या माणसांनी, तीन वेगळ्या दिवशी, एकमेकांचे आकडे न बघता चाचणी करायची. तिघांचं सारखं आलं तरच बारसं, पेढे वगैरे. नाव जवळपासच्या नदीचं. मी येण्याआधी एकच बारसं झालं होतं, 'गांधारी'चं. ती पुढे यकृताला बाधते असं निघालं. "चूक माझीच," सर म्हणायचे. "गांधारी नाव ठेवलं म्हटल्यावर डोळ्यांवर पट्टी आलीच."

मी आले तेव्हा सगळ्यांच्या तोंडी शहात्तर नंबर होता. सर तीन वर्षं त्याच्यामागे होते. डिसेंबरअखेर ते निवृत्त व्हायचे होते आणि त्याआधी शहात्तर पुढच्या टप्प्यावर, प्राण्यांवरच्या चाचण्यांना, जावा असं त्यांना वाटत होतं. वाटत होतं म्हणणं कमी आहे. सकाळी आल्यावर ते आधी शहात्तरच्या बाटलीला हात लावून यायचे.

त्याचं कारण मला जुलैत कळलं. लावणी उरकली की सर लॅबला एक दिवस कापड्याला जेवायला न्यायचे. मी आणि साळवी मोटारसायकलवरून गेलो. खाचरं भरलेली होती. अंगणातल्या खुर्चीवर सरांचे थोरले भाऊ बसले होते. त्यांना सगळे भाऊच म्हणत. मुंबईत गोदीत मुकादम होते. आई-वडील लवकर गेल्यावर त्यांनीच सरांना वाढवलं आणि शिकवलं. आता त्यांना काही आठवत नसे.

"ही कोण गो?" त्यांनी मला बघून विचारलं. "मुंबैवरनं आली काय?"

"ही सायली," सर म्हणाले. "महाडची हाय. माझ्या लॅबमधी काम करते."

भाऊंनी मान हलवली. भाकरीचे दोन घास झाले आणि पुन्हा, "ही कोण रे?"

"ही सायली. हिचं नाक लय तीक्ष्ण हाय, भाऊ. मला नाय कळत ते हिला कळतं."

साळवी खाली बघून हसत होते. आत्ताच सांगितलं ना, असं सर एकदाही म्हणाले नाहीत. त्या दुपारी भाऊंनी सहा वेळा विचारलं असेल आणि सहाही वेळा सरांनी माझी ओळख पहिल्यांदाच करून द्यावी तशी करून दिली, दर वेळी वेगळी. ही सायली, हिचा हात कापत नाय. ही सायली, बोलते कमी पण खोटं बोलत नाय. ही सायली, हिच्या वहीत एक भूत राहतं. कुणी माझ्याबद्दल काही बोललं की मला उठून जावंसं वाटतं. त्या दिवशी पानावरून उठता येत नव्हतं, म्हणून ऐकावं लागलं.

परत निघताना मी धीर करून विचारलं, "सर, शहात्तर भाऊंसाठी आहे का?"

"भाऊला नाय पोचायचं. सगळं नीट झालं तरी दहा-बारा वर्षं जातात. त्याची गोळी चालू हाय. थोडा फरक पडतो, पण जेवण तुटलंय." मग बांधावरचा चिखल बुटाच्या टाचेने काढत म्हणाले, "भाऊनं मला शिकवलं ते काय स्वतःच्या पोटासाठी? ते पुढं गेलं. हे पण जाईल."

ऑगस्टमध्ये मुंबईहून साहेब लोक आढाव्याला येणार असं ठरलं. शहात्तरवर तिघांपैकी दोघांचे हात फिरून झाले होते, सरांचा आणि साळवींचा. दोघांचंही उत्तम. तिसरा हात माझा ठरला.

चाचणी बघायला सोपी आहे. लहान लहान खळग्यांची प्लास्टिकची प्लेट असते. एन्झाइम चालू असलं की खळग्यातलं द्रावण पिवळं होतं. संयुगाने एन्झाइमला अडवलं तर ते बिनरंगी राहतं. काही खळग्यांत संयुग घालतच नाहीत. ते पिवळे झालेच पाहिजेत, नाहीतर एन्झाइमच मेलेलं आहे असं समजायचं. मी प्लेट लावली. बिनसंयुगाचे खळगे पिवळे झाले, आणि शहात्तरचेही तितकेच पिवळे झाले.

मला वाटलं, मी काहीतरी विसरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा केली. पिवळी. तिसरी, चौथी, पिवळी. त्या दोन चाचण्यांनंतर, पुढच्या टप्प्यासाठी साळवींनी शहात्तरची नवी, जास्त शुद्ध बाटली बनवली होती. माझ्या चारही प्लेट त्या बाटलीतल्या. पाचव्या दिवशी मी सरांच्या जुन्या बाटलीतून घेतलं. खळगे पाण्यासारखे स्वच्छ राहिले. मी तो पाचवा आकडा वहीत लिहिला, बाटली कोणती ते लिहिलं नाही, आणि आधीच्या चार प्लेटचे आकड्यांचे कागद खणात टाकले. साळवी त्या संध्याकाळी पेढे सांगून आले.

आढाव्याच्या आदल्या दिवशी, पाच वाजता, सर माझ्या टेबलाशी आले. डीप फ्रीझरची किल्ली त्यांच्याकडे असायची. एन्झाइमच्या नळ्या ते कोंबडीवाला अंडी मोजतो तशा मोजत.

"सायलीबाय, पाच नळ्या गेल्यात."

मी समोरची उघडी वही मिटली.

"प्लेटला एक नळी. तुझी प्लेट एक. बाकीच्या चार काय उंदरांनी खाल्ल्या?"

त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. बाहेर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. बस चुकली की त्यांना हमरस्त्यापर्यंत चालत जाऊन पोलादपूरची गाडी धरावी लागे. ते उठले नाहीत. हॉर्न दुसऱ्यांदा वाजला. मी खण उघडला आणि चार कागद टेबलावर ठेवले.

त्यांनी एकेक कागद डोळ्यांजवळ नेऊन बघितला. "हे नव्या बाटलीतले?"

"हो."

"आणि वहीत लिवलास तो?"

"जुन्या. मला वाटलं माझंच चुकतंय, सर."

"चार वेळा सारखंच चुकायला लय हुशारी लागते." ते हसले नाहीत. "मग पाचवा का लिवलास?"

वाक्य तयार व्हायला वेळ लागला. "तुमच्या निवृत्तीच्या आधी व्हावं म्हणून."

"माझ्यासाठी. म्हंजे उद्या भाऊला गोळी देशील आणि माझं मन राखायला लिवशील, त्याला सगळं आठवतंय?"

त्या सगळ्या काळात ते माझ्याशी कठोर बोलले ते एवढंच. मला रडू आलं. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते कागदांकडे बघत होते आणि मला हळूहळू कळलं की ते खूश आहेत. तीन वर्षांचं काम समोर कोसळलेलं आणि हा माणूस मांडीवर थाप मारून म्हणतो, "म्हंजे जुन्या बाटलीत शहात्तर काम करतच नव्हता! दुसराच कोणीतरी हाय आत. घरात राबणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं!"

साळवी धावत आले. ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "सर, उद्या सांगायची काय गरज आहे? नवी बाटली बिघडली म्हणू. नंतर बघू."

"बिघडली नाय रे. सुधारली. तू नीट साफ केलीस म्हणून तर औषध गेलं. तुझं काम पहिल्या नंबरचं हाय, उगाच स्वतःला बट्टा लावू नको."

दुसऱ्या दिवशी मुंबईचे तीन साहेब आले. सर उभे राहिले, आणि पडद्यावर स्लाइड न लावताच म्हणाले, "शहात्तर नंबर मी मागे घेतो आहे. त्यात गुण नाही. माझ्या पहिल्या बाटलीत तयार होताना आणखी काहीतरी थोडंसं तयार झालं होतं, ते मी वेगळं न काढताच मोजत राहिलो. चूक माझी आहे, तीन वर्षांची आहे."

मोठे साहेब म्हणाले, "उतेकर, एका नव्या मुलीच्या चाचणीवर तुम्ही तीन वर्षं सोडून देताय?"

"चार चाचण्यांवर. ती बसली आहे, तिलाच विचारा."

मी उभी राहिले. काय केलं ते सांगितलं, पाचव्या प्लेटसकट. सगळे वळून बघत होते. सर कागदावर काहीतरी खरडत होते, वर बघितलंच नाही. मी बोलेन याबद्दल त्यांना शंकाच नसावी. बोलून खाली बसले तेव्हा लक्षात आलं, वाक्यं आधी तयार केलीच नव्हती.

सरांनी डिसेंबरअखेरपर्यंतचा वेळ मागितला, जुन्या बाटलीत कोण आहे ते शोधायला. साहेब लोकांनी आपसात बघितलं आणि दिला. तेवढ्यात साळवींचा पेढेवाला बॉक्स घेऊन दारात हजर. "द्या, द्या," सर म्हणाले. "बारसं नाय झालं, पण पाहुणे तर आलेत."

पुढचे चार महिने त्या एका बाटलीत गेले. तळाशी बोटाच्या पेराएवढी पूड उरली होती. आधी सरांनी धातूचा अंश आहे का ते तपासून घेतलं. धातू असला तर तो कुठल्याही एन्झाइमचा गळा आवळतो, त्याला औषध म्हणत नाहीत. धातू नव्हता. मग काचेच्या उभ्या नळीत पांढरी भुकटी भरून त्यातून मिश्रण हळूहळू खाली उतरवायचं, म्हणजे त्यातले घटक एकामागोमाग एक वेगळे बाहेर पडतात, आणि ते खाली नंबर घातलेल्या छोट्या नळ्यांत धरायचे. याला आम्ही कॉलम म्हणतो. पहिल्या दोन कॉलमांत ते सापडलं नाही. प्रत्येक वेळी पूड थोडी कमी व्हायची. साळवी म्हणायचे, "सर, तुमच्या आधी ही पूड निवृत्त होणार." सर नवा द्रावक बनवायला घ्यायचे. त्यांना घाई करताना मी पाहिलं नाही, आणि थांबतानाही नाही.

शेवटच्या दिवशी तिसरा कॉलम चालू होता. दुपारी तीनला कँटीनमध्ये निरोपसमारंभ ठेवलेला. कॉलम चालू असताना सोडून जाता येत नाही. भुकटी कोरडी पडली की सगळं फुकट, आणि आता पुन्हा भरायला पूडच नव्हती. तीनला सरांनी मला पाठवलं. कँटीनमध्ये चाळीस माणसं आणि फुलांचा गुच्छ. मी म्हटलं, "सर येणार नाहीत. कॉलम चालू आहे." ऑपरेटर मंडळी टाळ्या वाजवून हसली.

परत आले तर सर एकतिसावी नळी धरत होते. मागोमाग साळवी शाल आणि नारळ घेऊन आले. "हलू नका, सर," असं म्हणून त्यांनी पांढऱ्या कोटावरूनच शाल पांघरली. सरांचं लक्ष थेंबावर. "नारळ तिकडं ठेव. द्रावकापासून लांब."

चारनंतर मी प्रत्येक नळीतला थेंब थेंब वाळवून घेऊन प्लेट लावली. खळगे पिवळे होत गेले, एक एक करत, पहिल्या ओळीपासून. एकतीस, बत्तीस, तेहतीस, चौतीस या नळ्यांचे चार खळगे तसेच राहिले. पस्तिसावा पुन्हा पिवळा. आम्ही तिघं वाकून बघत होतो.

"बिनसंयुगाचे?" सरांनी विचारलं.

"पिवळे," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला, शालीच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा बघितलं. बराच वेळ. मग चारही नळ्यांची बुचं स्वतः दाबून बसवली आणि स्टँड माझ्या हातात दिला. "हे कोण हाय ते अजून आपल्याला माहीत नाय. पण हाय. आता हा बनवायला शिका तुम्ही. मी नसताना झाला पाहिजे, तरच तो खरा."

"फोन करू ना, सर?"

"फसलं तर कर. झालं तर तुमचं तुम्हाला कळेलच."

बस कधीच गेली होती. रात्रपाळीची माणसं आत येत होती, दिवसपाळीची मोटारसायकली काढत होती. साळवींनी गाडी काढली. मी स्टँड खाली न ठेवताच खिडकीशी गेले. सर मागे बसले, अंगावर अजून शाल, डोक्यावर दुसऱ्या कुणाचं तरी लहान हेल्मेट टाळूवर बसवलेलं, नारळ मांड्यांमध्ये धरलेला. फाटकातून गाडी बाहेर पडताना ते साळवींच्या कानाशी झुकून काहीतरी समजावत होते. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी जवळ आणून, एवढंसं, एवढंसं असं दाखवत होते, आणि शाल मागे उडत होती.